मुंजाजीचा उलटा हंडा

आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. मी घेते. मुंजाजी. घ्या, पडलं का आभाळ? ज्या माणसाचा श्वास मी ह्या दोन हातांनी वरून पुरवला, त्याचं नाव घ्यायला मला कुणाची भीड न्हाई.

त्या फळीवरचा पितळी हंडा बघा. माझ्या लग्नात बापानं दिलेला. काठाखाली कासारानं ठिपक्या-ठिपक्यांनी 'केशरबाई' असं नाव पाडलंय, पण हंडा उलटा ठिवलाय म्हणून नावबी उलटं दिसतंय. पोटाला काच बसवलीय, बुडाला नळीचं भोक हाय आणि काठाला टायरच्या ट्यूबची झालर. आता त्यात पाणी ठरत न्हाई. सोयरे येतात, विचारतात, 'केशरबाई, एवढा चांगला हंडा कामून नासला?' मी म्हणते, बसा, चहा घ्या, मग सांगते.

आधी पेव सांगावं लागतंय. आमच्या परभणीकडं मोठे शेतकरी ज्वारी जमिनीत साठवतात. वर माणूस जेमतेम शिरंल एवढं तोंड, आणि खाली दोन पुरुष खोल, खोलीएवढी पोकळी. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. दोन-दोन, तीन-तीन वर्षं बघायचं न्हाई. उघडायची वेळ आली की रीत ठरलेली: दगड काढायचा, एक रात्र तोंड उघडं ठिवायचं, आणि सकाळी जळता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील जळत ऱ्हायला तर माणूस उतरायचा. विझला तर कुणी उतरायचं न्हाई. आणि उतरणारा माणूस कुठला? आमच्या वस्तीतला. गाव पोखर्णीच्या अलीकडं, वस्ती गावाच्या बाहेर, आणि पेवात उतरायची वेळ आली की गावाला वस्ती बरोबर आठवायची.

माझा धाकटा दीर सिताराम असाच उतरला. सन सत्तरचा वैशाख. दत्तरावाच्या घरी पुतणीचं लग्न व्हतं. दत्तराव म्हणजे गावचे मोठे शेतकरी, गळ्यात माळ, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. माणूस तसा वाईट म्हणता यायचा न्हाई, पण उतावळा, एकदम घायकुतीचा. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड येणार आणि घरातली ज्वारी संपलेली. सकाळी पेवाचा दगड काढला आणि लगेच म्हणले, 'उतर रे सिताराम, कंदील-बिंदील नंतर बघू.' सिताराम उतरला. एक टोपलं वर आलं. दुसरं आलंच न्हाई. दोरी ढिली पडली ती पडलीच. लोक तोंडावर उभे ऱ्हाऊन हाका मारायले, पण खाली कोण जाणार? दुपारी गळ टाकून त्याला वर काढलं. बावीस वर्षांचं पोरगं माझं, म्हणजे दीरच तो, पण माझ्या हातची भाकर खाऊन वाढलेला.

पंचनामा करायला माणसं आली. दत्तराव घाबरले असतील, मी नाही म्हणत न्हाई. पण घाबरला म्हणून माणसानं असं बोलावं? ते म्हणले, 'पिऊन उतरला व्हता.' कागदावर तसंच चढलं. माणूस तर गेलाच, वरून बेवडा ठरला.

माझी सासू सरजाबाई महिनाभर गावात दारोदार सांगत फिरली, 'सकाळी माझ्या ताटात जेवला. माझ्या तोंडाशी तोंड आणून बोलला. लेकराच्या तोंडाचा वास आईला कळत न्हाई का?' कुणी हो म्हणलं न्हाई, कुणी न्हाई म्हणलं न्हाई. सगळे आपले जमिनीकडं बघायचे. मग सासू गप झाली. सितारामचं नाव घ्यायचं तिनं सोडून दिलं.

मुंजाजी तवा मानवतला जिनमधी कामाला व्हता. सरकी काढायच्या मशिनी, त्यांचे पट्टे, त्यांचं तेलपाणी, सगळं त्याच्याकडं. शाळा चौथी, पण मशीन आजारी पडली की नुसता कान लावून सांगायचा कुठं दुखतंय. सितारामचं झाल्यावर तिथल्या मेस्त्रीला त्यानं विचारलं. मेस्त्री म्हणला, 'अरे, धान्यबी श्वास घेतंय. कोंडलं की त्याचा वायू व्हतो. जड असतोय, तळाला बसतो. चार श्वासांत माणूस आडवा. दारूचा काय संबंध?'

शनवारी मुंजाजी घरी आला, भाकरीला हात लावला न्हाई. म्हणला, 'केशर, मी वायूत उतरणार आणि जिंदा वर येणार. मंग लोकांला कळंल माझा भाऊ कशानं गेला.'

मी म्हणले, 'आधी जेवा. उपाशी पोटी कशाला उतरता?'

हसू नका. माझा नवरा त्या दिवशी पहिल्यांदा जेवला नीट.

अंगणात त्यानं एक खड्डा खांदला, पेवासारखाच, तोंड अरुंद आणि पोट मोठं. तळाला ओला भुसा जाळून धूर कोंडायचा आणि त्यात उतरायचं, हा त्याचा सराव. दर बाजारच्या दिवशी. पहिल्या खेपेला नाकावर ओलं फडकं, त्यात कोळशाची पूड. जिनमधी रुईचा भुरका नाकात जाऊ नये म्हणून बांधतात तसं. कंदील गपकन विझला आणि हे महाशय खोकत-खोकत वर, डोळे लालभडक. अर्धा दिवस खाटंवर पडून ऱ्हायला. उठला आणि म्हणला, 'फडकं भुरका अडवतंय, वायू न्हाई. वरची हवा खाली न्यावी लागंल.' पडला म्हणून रडणारा माणूस न्हाईच तो. पडला की का पडलो ते शोधायचा.

दुसऱ्या खेपेला सायकलच्या जुन्या ट्यूबा जोडून लांब नळी केली. एक टोक तोंडात, दुसरं वर माझ्या हातात. नाकाला बांबूचा चिमटा. थोडा वेळ बरा ऱ्हायला, मंग तोंड जांभळं पडायलं. वर ओढला. म्हणला, 'लांब नळीतून ओढून छाती भरत न्हाई, केशर. आपलाच सोडलेला श्वास परत तोंडात यायलाय. हवा ओढायची न्हाई, ढकलायची.'

हवा ढकलायला काय? लोहाराचा भाता. लिंबाजी लोहार म्हातारा झाला व्हता, त्याचा जुना फाटका भाता पडून व्हता. तो म्हणला, 'घेऊन जा बाबा, माझं लोखंड कुणी तापवतंय आता?' मुंजाजीनं भात्याला चामड्याची ठिगळं लावली, आणि डोक्यावर जर्मनचं पातेलं उलटं घालून त्यात नळी सोडली. पातेल्याला पुढं काच, डांबरानं चिकटवलेली. त्या अवतारात तो घरातून बाहेर आला तर कुत्री शेपूट घालून पळाली आणि माझी सासू केरसुणी घेऊन धावली. गावातले टवाळ म्हणायचे, 'मुंजाजी, चंद्रावर निघाला काय? येताना चार ढेकळं आण.' मुंजाजी पातेल्यातून म्हणायचा, 'तुमच्याच पेवात निघालोय, ढेकळं तुमची तुमी आणा.' बाहेर नुसतं घुमल्यासारखं ऐकू यायचं.

पण एका भात्यानं भागंना. दाबला की हवा जायची, उचलला की थांबायची. मुंजाजीनं दुसरा भाता शिवला आणि दोन्हीच्या मधी बैलाच्या जुवासारखं आडवं लाकूड टाकलं. एक दबला की दुसरा उचलायचा. हवा थांबायचं नाव न्हाई. दाबायला कोण? मी. लोक म्हणायचे मुंजाजीचं यंत्र. यंत्र कसलं डोंबलाचं, यंत्र मी व्हते. जात्यावर हात तयार झालेले, दंड हे असे.

पातेलं मात्र पातळ. खड्ड्याच्या तोंडाला घासलं की चेपायचं, काच निघायची. मुंजाजीची नजर माझ्या हंड्यावर गेली. मी म्हणले, हात लावून तर बघा! आठ दिवस मी बोलले न्हाई त्याच्याशी. माझ्या बापानं दोन साल बांधावर राबून घेतलेला हंडा, आणि ह्याला त्यात डोकं घालायचंय! नवव्या दिवशी सकाळी बघते तर सासूनं हंड्यातलं पाणी रांजणात ओतलं, हंडा पदरानं कोरडा केला आणि मुंजाजीच्या पुढ्यात नेऊन ठिवला.  मंग मीच छिन्नी आणून दिली. रडले, हो, रडले. पण छिन्नी आणून दिली.

हंडा बसला तो झकास बसला. खांद्यावर ट्यूबची झालर टेकायची, वरून आलेली हवा झालरीतून खाली निघून जायची, वायूला आत शिरायला वाव न्हाई. पुढं सुधारणा व्हत गेल्या. एकदा नळी खड्ड्याच्या काठावर मुडपली आणि हवा बंद. तवा मुंजाजीनं नळीत तारेचं वेटोळं घातलं, म्हणजे मुडपली तरी चेपायची न्हाई. ताडपत्रीचा कोट झाला. जिनच्या पट्ट्याचा कंबरपट्टा झाला, त्याला वर ओढायची दोरी. बैलाच्या गळ्यातली घंटा भात्यापाशी टांगली आणि तिची दोरी त्याच्या हातात. एक घंटा म्हणजे हवा वाढव, दोन म्हणजे वर ओढा. नळीला बारीक भोक पडलं की सासू कोपऱ्यात बसल्या जागी बोट दाखवायची, 'तिथं फुसफुसतंय.' आमाला दोघांला काहीच ऐकू यायचं न्हाई. पाणी लावून बघावं तर बुडबुडे बरोबर तिथंच. म्हातारीचे कान म्हणजे काय सांगू तुमाला.

आणि शेवटची युक्ती माझी. ते मुंजाजीबी कबूल करतो, विचारा. मी म्हणले, 'तुमचं डोकं झाकलं हो, पण खाली जो पडलाय त्याच्या नाकाचं काय?'  मंग बैलाच्या तोंडाला बांधायच्या चामडी मुसक्याला आतून ट्यूब लावली आणि हंड्याच्या नळीतून एक फाटा काढून त्याला जोडला. पडलेल्याच्या नाकातोंडावर मुसकं चढवायचं, म्हणजे एका भात्याची हवा दोघांला.

एवढं सगळं तयार झाल्यावर मुंजाजी दत्तरावाकडं गेला. म्हणला, 'मालक, तुमच्या पेवात वायू असताना मला उतरू द्या. गाव बघंल.' दत्तराव म्हणले, 'माझ्या पेवात तमाशा नको.' मुंजाजी परत आला, पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा सराव. मी म्हणले, आता कशाला? तो म्हणला, 'पेव कवातरी उघडंलच की.' असा माणूस. त्याला घाई म्हणून न्हाईच, पण खात्री मात्र पक्की.

सन त्र्याहत्तरचा उन्हाळा. दोन साल पाऊस न्हाई. जिन बंद, मुंजाजी घरी. सगळी वस्ती दुष्काळी कामावर खडी फोडायला. बाजारचा दिवस म्हणून काम बंद व्हतं आणि लोक बाजाराला गेलेले. आमी अंगणात सरावाची तयारी करायलो. मुंजाजीनं कोट चढवला, पट्टा आवळला. एवढ्यात दत्तरावाची बायको, सगुणाबाई, पळत आल्या. डोक्यावर पदर न्हाई, पायात वहाण न्हाई. ह्या बाईला मी आमच्या वस्तीत कधी बघितलं नव्हतं.

'केशरबाई, तुमचा हंडा आणा! मालक पेवात पडलेत!'

सिताराम गेल्यापासून आमच्या वस्तीनं ठरवलं व्हतं, दत्तरावाच्या पेवात कुणी उतरायचं न्हाई. त्यात गडीमाणूस बाजाराला. घरात दाणा न्हाई म्हणून दत्तरावानं स्वतःच दगड काढला आणि उतरले. कंदील? त्यांचं म्हणणं, 'औंदा जमीनच कोरडीठाक हाय, ओल कुठली आणि वायू कुठला!' सगळ्या गावाचं तेच म्हणणं व्हतं. वायू ओलीतून येतो, कोरड्या सालात पेव निर्धास्त. अरे, वायू दाण्यातून येतो! मेस्त्रीचं ते बोलणं मुंजाजीनं तीन वर्षं घसा फोडून सांगितलं, पण हंडा डोक्यावर घालणाऱ्याचं कोण ऐकणार?

पेव हाकंच्या अंतरावर. मुंजाजीनं हंडा उचलला, मी आणि सगुणाबाईनं भात्याचं जू. सासू मागून घंटा घेऊन आली. चार-पाच माणसं तोंडापाशी वाकून ओरडायलेत. मुंजाजीनं कंदील खाली सोडला. निम्म्यात गपकन विझला. त्यानं सगळ्यांकडं एकदा बघितलं, 'बघून ठिवा,' म्हणला, आणि हंडा डोक्यावर चढवला.

खोटं कशाला सांगू? भात्यावर हात ठिवला आणि मला सिताराम दिसला. पण खाली माझा नवरा उतरायलाय, तवा कसला विचार? दाबायला लागले. एक, दोन, एक, दोन. दोरी सरकत गेली, नळी सरकत गेली. मंग घंटा वाजली. एकच. हवा वाढव.

ती हवा कुणासाठी, ते मला पक्कं ठाऊक व्हतं. मुंजाजीला स्वतःपुरती भरपूर जायलीच व्हती. त्यानं मुसकं चढवलं व्हतं. ह्या माणसानं माझ्या दिराला बेवडा केलं, माझ्या सासूचं तोंड बंद केलं, आणि आता माझ्या दंडाचा जोर ह्याच्या छातीत जाणार. मला राग आला. लय राग आला. आणि त्या रागानंच मी भाता असा दाबला की जू करकरलं. दाबायचा तर पुरा दाबायचा, आमच्याकडं अर्धं काम न्हाई.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझे हात भरून आले. तवा समोरून सगुणाबाईनं जुवाचं दुसरं टोक धरलं. त्या घरात आमाला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. ती बाई माझ्यासमोर गुडघ्यावर बसून माझ्याच लयीत भाता दाबायली. मी म्हणले, 'घाई नका करू. एक, दोन.' ती म्हणली, 'एक, दोन.'

घंटा. दोन. माणसांनी दोरी ओढली. आधी दत्तराव वर आले, मुंजाजीचा पट्टा त्यांच्या कमरंला. तोंड काळंनिळं, माळ मानेत अडकलेली. छाती हलायलीय. मी भाता सोडला न्हाई, माझं माणूस अजून खाली. पट्टा परत खाली गेला. पुन्हा दोन घंट्या. पेवाच्या तोंडातून आधी हंडा आला, त्याच्यावर माझं उलटं नाव, मग मुंजाजी. हंडा काढला आणि हसला. घामानं निथळायलेला, पण जिंदा! मी तिथंच बसकण मारली आणि मोठ्यानं रडले. का न रडू?

दत्तरावाला सावलीत निजवलं, पाणी मारलं. घटकाभरानं डोळे उघडले, उठून बसले. तोवर बाजारातून लोक परत आलेले, निम्मं गाव जमलेलं. सगुणाबाई म्हणली, 'मुंजाजीनं वाचवलं हो.' दत्तरावानं मुंजाजीकडं बघून हात जोडले. म्हणले, 'काय देऊ रे तुला? माग.'

 मुंजाजीची सवय हाय, मशीन बिघडली तर बोलंल, माणूस बिघडला तर गप. मग मी उठले. डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर विचारलं.

'मालक, तुमी किती पिऊन उतरला व्हता?'

गर्दीतनं कुणीतरी म्हणलं, 'ए केशरबाई!' मी बघितलंसुद्धा न्हाई तिकडं. दत्तरावाचा हात आपोआप माळंकडं गेला.

'थेंब न्हाई,' ते म्हणले. 'आयुष्यात कधी शिवलो न्हाई. तुमाला ठाऊक हाय.'

'मंग पडलाव कशानं?'

ते पेवाच्या तोंडाकडं बघत ऱ्हायले. तिथं तो विझलेला कंदील अजून दोरीला तसाच व्हता.  मंग खाली बघून, अगदी हळू, म्हणले, 'त्योबी पेला नव्हता. मी खोटं सांगितलं व्हतं.'

सासू घंटा हातात घेऊन माझ्या मागं उभी व्हती. तीन वर्षं जिनं लेकाचं नाव घेतलं नव्हतं, ती पुढं आली आणि दत्तरावासमोर जमिनीवर बसली.

'माझ्या सितारामचं बोलायलाव का?' ती म्हणली. 'मोठ्यानं बोला, मालक. मला कमी ऐकू येतंय.'

दत्तराव मोठ्यानं बोलले.